उत्तर नावासकट

अण्णांनी माझा पहिला गुण कापला तेव्हा मी त्यांना पाहिलंही नव्हतं. समोर असते तर मी त्यांच्या डोक्यात काहीतरी घातलं असतं, एवढा राग आला होता.

आमचा फोनवर एक ग्रुप होता. रोज संध्याकाळी सात ते आठ खेळ चालायचा. कुणीतरी एखाद्या जुन्या गाण्याच्या सुरुवातीचं संगीत दहा सेकंद टाकायचं, किंवा सिनेमातलं एखादं चित्र, ज्यात नट-नटीचे चेहरे झाकलेले असायचे. नाहीतर टीव्हीवर एकच चॅनेल दिसायचं त्या काळातल्या एखाद्या मालिकेची धून. बाकीच्यांनी सिनेमाचं किंवा मालिकेचं नाव ओळखायचं. ग्रुपात पन्नासेक माणसं होती, पण खेळणारे आम्ही सात-आठच. टेंभुर्णीच्या वहिनी हायवेवरच्या स्वतःच्या हॉटेलात बसून खेळायच्या आणि इतक्या झटपट उत्तर द्यायच्या, की गिऱ्हाइकांकडे कोण बघत असेल असा मला प्रश्न पडायचा. सोलापुरातलेच एक भाईजान होते, चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. ते धून टाकण्याऐवजी स्वतः शीळ घालून पाठवायचे, आणि ओळखता आली नाही तर दोष आमच्या कानांना. एकमेकांना आम्ही कधी भेटलो नव्हतो. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांना सुया टोचल्यावर संध्याकाळी माणसाला काहीतरी करमणूक लागतेच. ग्रुप चालवणाऱ्या बाई मुलाकडे परदेशी गेल्या आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

त्या दिवशीचं गाणं मला ऐकताक्षणी कळलं. सगळ्यांच्या आधी मी लिहिलं, "ती तळ्याकाठी एकटी बसून म्हणते ते!"

लगेच नुसतं 'अण्णा' असं नाव असलेल्या एका नंबरावरून आलं, "नाव?"

"नाव आठवेना, पण तेच गाणं."

"अर्धं उत्तर म्हंजे चूक उत्तर. फुडं चला."

चार मिनिटांनी टेंभुर्णीच्या वहिनींनी नाव लिहिलं आणि गुण त्यांना गेला. मी चिडून हे एवढं लांब लिहिलं, की ही काय कोर्टकचेरी आहे का, गंमत म्हणून खेळतो आपण. त्यावर उत्तर एका ओळीचं आलं. "एक भोक चुकलं की मोराला दोन चोची." कुणालाच काही कळलं नाही. भाईजाननी लिहिलं, "अण्णा, ये क्या बोलरे जी तुम?" पण दुसऱ्या दिवसापासून सगळे निमूट नाव लिहायला लागले, आणि महिन्याभरात ग्रुपच्या नियमांत मीच पहिला नियम घातला: उत्तर नावासकट.

मोराच्या दोन चोचींचा अर्थ मला पुष्कळ नंतर समजला. अण्णा सोलापुरातच भवानी पेठेत राहायचे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. चाळीस वर्षं त्यांनी चादरींच्या कारखान्यांसाठी कार्डं पाडली. म्हणजे चादरीवर मोर, फूल, वेल जे काही उमटतं ते आधी चौकटीच्या कागदावर रंगवायचं आणि मग एकेक चौकट मोजत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. त्या पट्ट्या मागावर चढल्या, की भोकाप्रमाणे धागा वर उचलला जातो आणि नक्षी विणली जाते. एक भोक इकडचं तिकडं झालं की मोर बिघडला. तोही एका चादरीत नव्हे, ती पट्टी मागावर असेपर्यंत निघणाऱ्या प्रत्येक चादरीत. "चूक एकदाच करतो माणूस," ते म्हणायचे, "पण उतरती दर चादरीत."

आता असा माणूस सिनेमा बघायला बसला तर काय बघेल? अण्णा पलंग बघायचे. पडदे, टॉवेल, उशांचे अभ्रे बघायचे. कथेशी त्यांना कर्तव्य नव्हतं. "हिरो मरायलाय ते दिसतंय की मला. पण त्याच्या अंगावर काय घातलेत ते बघा." त्यांचे प्रश्नही तसेच. दवाखान्यात म्हातारा झोपलाय, अंगावर निळी चौकडी, काठाला तीन पट्टे, सिनेमा कुठला? आम्ही आपले डोकं खाजवत बसायचो. एकदा वहिनी वैतागून म्हणाल्या, "अण्णा, माणसांचं कायतरी इचारा की वो!" तर म्हणाले, "माणसं समदी सारखीच रडतेत. चादर बघा."

नवा प्रश्न जुना सुटल्याशिवाय टाकायचा नाही, हाही त्यांचाच नियम. एकदा त्यांनी विचारलं, आई झोपलेल्या मुलीच्या अंगावर मोराची चादर घालते आणि दिवा मालवते, कुठल्या सिनेमात? अकरा दिवस ग्रुप ठप्प. वहिनींनी धमक्या दिल्या. मी गोड बोलून पाहिलं. अण्णा ढिम्म. बाराव्या दिवशी भाईजाननी उत्तर दिलं. दुकानात बसल्या बसल्या त्यांनी तीसेक सिनेमे थांबवत थांबवत पाहिले होते. अण्णांनी लिहिलं, "बरोबर. ती चादर माझ्या हातची हाय." एवढंच. आम्ही सगळ्यांनी तो सिनेमा काढून बघितला. तीन सेकंदांचं दृश्य, अंधुक उजेड, आणि मुलीच्या पायाशी एक बोटाएवढा मोर. मला उगीचच फार आनंद झाला, जणू माझ्याच घरचं कुणी पडद्यावर आलं होतं.

पाणी यायचं त्या दिवशी मात्र खेळाला सुट्टी. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, आणि आलं की माणूस बाकी कशाला मोकळा नसतो. सात वाजता अण्णांचा निरोप यायचा, "आज पाणी हाय. कोण पुढं जायचं न्हाई." भवानी पेठेत पाणी म्हणून टेंभुर्णीचा खेळ का थांबवायचा, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्यांची माझी प्रत्यक्ष भेट झाली ती सुईच्या टोकावर. घरी जाऊन रक्त घ्यायचं काम होतं, साखरेचं. कागदावरचं नाव मला काही ओळखीचं वाटलं नाही, कारण ग्रुपात ते नुसते अण्णा होते. पांढरा शर्ट, कपाळाला विभूतीचं बोट, बारीक अंगाचा म्हातारा. मी दंडाला पट्टा बांधला, सुई घातली आणि माझं लक्ष खाटेवर गेलं. अण्णांच्या नंबराजवळ फोटोच्या जागी एक लाल चादर असायची, तीच खाटेवर पसरलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा?"

त्यांनी मला वरखाली बघितलं. "तू ती तळ्याकाठची व्हय?"

मी हसले आणि सुई सरकली. दुसऱ्यांदा टोचावं लागलं. "अर्धं टोचणं म्हंजे चूक टोचणं," ते म्हणाले, आणि हात पुढे केला. त्यांच्या सूनबाईंनी चहा दिला, निघताना शेंगाचटणीचा डबा दिला. त्या दिवसापासून मी 'म्याडम'ची 'पोरी' झाले. माझे वडील मी नववीत असताना गेले. मला पोरी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून असेल, पण दर महिन्याला भवानी पेठेतलं रक्त घ्यायला मी दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अण्णांना झटका आला. तसा हलका. आठ दिवसांत घरी आले, चालायला लागले, उजव्या हाताची दोन बोटं तेवढी बधीर राहिली. पण नावं गेली. सगळं आठवायचं, पण नाव म्हणून काही आठवायचं नाही. सुनेला "अगं ही" म्हणायचे. शेजाऱ्याला "त्यो हिरव्या दाराचा". आणि गाणं लागलं की डोळ्यांसमोर पलंग दिसायचा, चादर दिसायची, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले तेसुद्धा दिसायचं, आणि नाव मात्र नाही. "कादु, कादु," असं स्वतःशीच पुटपुटायचे. तेलुगूत म्हणजे 'नव्हे, नव्हे'.

ग्रुपात ते यायचे. लिहितायत असं फोनवर दिसायचं आणि मग काहीच यायचं नाही. कधी एखादी ओळ यायची, "पिवळा पडदा, खिडकीत पिंजरा", आणि आम्ही वाचेपर्यंत त्यांनी ती पुसलेली असायची. अर्धं उत्तर म्हणजे चूक उत्तर, हा नियम मोडून ते स्वतःला कसे माफ करणार?

एके दिवशी सूनबाईंचा फोन आला. "ताई, सात वाजलं की मामा फोन घिऊन बसतेत. आठ वाजलं की ठिवतेत. लिवत कायच न्हाईत. काल रडले वो. मी लगीन होऊन आल्यापास्नं त्यांना कधी रडल्यालं बघितलं न्हवतं."

पुढचं सगळं माझ्या डोक्यातून निघालं, दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही. सकाळीच मी संध्याकाळची धून ठरवायची आणि नाव सूनबाईंना कळवायचं. दुपारच्या चहाला त्यांनी सहज बोलल्यासारखं करून ते नाव काढायचं. 'मामा, आज रेडिओवर अमुक सिनेमातलं गाणं लागलंतं बघा.' ताजं ऐकलेलं नाव त्यांच्या डोक्यात दोन-चार तास टिकतं, हे सूनबाईंनीच हेरलं होतं. वहिनींना, भाईजानना आणि बाकीच्या खेळणाऱ्यांना मी वेगळं सांगितलं, की पाच मिनिटं कुणी उत्तर द्यायचं नाही आणि अण्णांनी दिलं की टाळ्या वाजवायच्या. वहिनींना गप्प बसणं म्हणजे शिक्षाच, पण त्या बसल्या.

पहिल्या दिवशी सात वाजून तीन मिनिटांनी अण्णांचं उत्तर आलं. नावासकट. मी लॅबमध्ये उभ्या उभ्या रडले. नंतर रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा यायला लागलं. दिवाळीत मी घरी गेले तर अण्णा खुशीत होते. म्हणाले, "नावं यायलेत पोरी, हळूहळू यायलेत." मी मान डोलावली. मला वाटलं, काय बिघडलं? म्हातारा माणूस सुखात आहे. खोटं बोलण्याची एक चांगली सोय असते, की ते बोलताना आपण चांगले आहोत असं वाटत राहतं.

मग ती संध्याकाळ आली. लॅबमध्ये तापाच्या पेशंटांची रांग होती. सात वाजता मी घाईघाईत फोन उघडला आणि ठरलेली धून टाकायच्या ऐवजी दुसरीच टाकली. ऐकलीही नाही. सूनबाईंनी दुपारी नाव पेरलं होतं ते ठरलेल्या गाण्याच्या सिनेमाचं. सहा मिनिटांनी अण्णांनी तेच लिहिलं. मी एका हातात रक्ताच्या नळ्या धरून दुसऱ्या हातानं लिहिलं, "बरोबर!!! क्या बात है अण्णा!" वहिनींना धून ओळखू आली होती, उत्तर साफ चुकलंय हे त्यांना कळत होतं. पण त्यांना वाटलं, ताई मुद्दाम चालवून घेतेय. त्यांनी टाळ्या पाठवल्या. भाईजाननी फुलं पाठवली. एकजात सगळ्यांनी चुकीच्या उत्तरावर टाळ्या पिटल्या आणि मी पुढचं रक्त घ्यायला वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता अण्णा रिक्षानं लॅबमध्ये आले. पाच-सहा पेशंट बसले होते. ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले, खिशातून फोन काढला आणि कालची धून लावली.

"हे काय हाय?"

मी ऐकलं. काल ठरलेली धून ती नव्हतीच, हे मला त्या दहा सेकंदांत कळलं.

"नाव मला येत न्हाई," ते म्हणाले, "पण ह्या गाण्यात बाई झोपाळ्यावर बसल्याली असती. मागं पांढरा पडदा, जाळीचा. डोसक्यात दुपारच्या चहाला सुनेनं काढल्यालं नाव तेवढंच हुतं म्हनून मी ते लिवलो. म्हटलं चूक असंल तर असंल. मग बरोबर कसं झालं?"

मी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली.

"कवापास्नं?"

"गणपतीपास्नं, अण्णा."

"सून?"

मी मान खाली घातली. ते शेजारच्या बाकावर एका तापाच्या बाईजवळ बसले. आपली बधीर बोटं दुसऱ्या हातानं चोळली. मग हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं मी बरा व्हायलोय. डॉक्टरला बी सांगून आलो, नावं यायलेत म्हनून. त्येनं पाठ थोपटली माझी."

"अण्णा, माफ करा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"बरं वाटलं की. लई बरं वाटलं." ते उठले. "चुकलो असतो तर चुकलो म्हनायचं होतं. चूक म्हनली असतीस तर मी हाय तितं तरी ऱ्हायलो असतो."

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले, तर त्यांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं. दुपारी ग्रुपवर दिसलं, ते ग्रुप सोडून गेले. त्या संध्याकाळी कुणी प्रश्न टाकला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. नंतर वहिनींनी एक-दोनदा धून टाकली, पण पाच मिनिटं गप्प बसायची आम्हाला अशी सवय लागली होती, की कुणी पटकन उत्तरच देईना. खेळ असाच विझत गेला.

रक्त घ्यायला मी जातच होते. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे. तिसऱ्या महिन्यात, तो रविवार होता, मी सामान आवरत असताना म्हणाले, "फोन हाय न्हवं तुझ्याकडं? लाव एक. पर हिला भाईर धाड."

सूनबाई बाहेर अंगणात गेल्या. घरात सिनेमा-गाण्यांचं नाव काढायला अण्णांनी बंदीच घातली होती. मी धून लावली. त्यांनी डोळे मिटले, पलंग सांगितला, उशा सांगितल्या, आणि चाचपडत एक नाव घेतलं.

"चूक, अण्णा."

त्यांनी डोळे उघडले. तीन महिन्यांत पहिल्यांदा नीट माझ्याकडं बघितलं. "हां," म्हणाले, "दुसरं लाव."

मग मी दर रविवारी जायला लागले. रक्ताचं काम नसलं तरी. तीन धुना लावायच्या, तीनदा चूक म्हणायचं, चहा प्यायचा आणि यायचं. एकही नाव बरोबर आलं नाही. 'चूक' म्हणणं मला दर वेळी जड जायचं, पण ते ऐकून त्यांचा चेहरा निवायचा, हेही खरं. मला वाटायला लागलं, झालं, फिटलं सगळं.

पावसाळा लागल्यावर त्यांची तब्येत उतरली. अन्न जाईना. त्या रविवारी ते उठून बसलेही नाहीत. मी म्हटलं, आज राहू द्या. तर बोटानंच, लाव. मी फोनमध्ये जे हाताला आलं ते लावलं. चार-पाच सुरांतच त्यांनी नाव घेतलं. न अडखळता, पूर्ण, जसं झटक्याआधी घ्यायचे तसं.

"बरोबर!" मी ओरडलेच. "अण्णा, बरोबर! बरोबर आहे!"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. मी ते डोळ्यांनी बघितलं. आणि मग तो उजेड हळूहळू गेला.

"खरं सांग."

"खरंच, अण्णा. तुमच्या गळ्याशपथ."

"तवा बी घेतली असतीस."

मी फोनवरचं नाव दाखवलं. "हे तूच लिवल्यालं," ते म्हणाले. मी सगळं गाणं लावलं, शब्दांसकट. ते ऐकत राहिले, पण ऐकून उपयोग काय, नाव त्याच गाण्याच्या सिनेमाचं आहे की नाही हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. मी सूनबाईंना हाक मारायला उठले आणि तशीच खाली बसले. सून कटात होती. वहिनी कटात होत्या, भाईजान कटात होते. अख्ख्या जगात ज्यांना विचारावं अशी जी माणसं त्यांच्याकडं होती, त्या सगळ्यांना मीच खोटं बोलायला लावलं होतं.

मी रडायला लागले. अण्णांनी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. "ऱ्हाऊ दे पोरी," ते म्हणाले, "माझ्यापायी किती करशील?" आणि माझी समजूत काढल्यासारखं हसले.

बारा दिवसांनी ते गेले. मी वहिनींना फोन करून कळवलं आणि सांगितलं, शेवटी त्यांनी एक उत्तर बरोबर दिलं होतं, नावासकट, मी बरोबर म्हटलं.

वहिनी पलीकडं डोळे पुसत असाव्यात. म्हणाल्या, "चांगलं केलंसा बाई. खूश हून तरी गेला म्हातारा."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. उत्तर बरोबर होतं. आणि ते खूश होऊन गेले नाहीत.